भुकेल्या पाण्यातली जनुकं

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर ‘समुद्री जीवाणूंच्या जीनोमची उत्क्रांती’ असं वाचून काही मंडळींनी दाराजवळच्या खुर्च्या धरल्या असतील. त्यात गैर काही नाही. फक्त उठण्यापूर्वी एक आकडा ऐकावा. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात आणि त्यांच्या दसपट विषाणू. गणपतीपुळ्याला लाट अंगावर येऊन एखादा मोठा घोट नाकातोंडात गेला, तर मुंबईच्या शिरगणतीपेक्षा मोठी वस्ती पोटात जाते.

मग ही एवढी वस्ती खाते काय?

किनारा सोडून भर समुद्रात गेलं की पाणी निळं होत जातं. पर्यटकाला तो निळा रंग सुंदर वाटतो, जीवशास्त्रज्ञाला त्यात दुष्काळ दिसतो. पाणी निळं आहे याचा अर्थच असा, की त्यात प्रकाश अडवायला फारसं काही नाही. नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही, लोह तर जवळपास नाहीच. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा फार मोठा हिस्सा अशा भुकेल्या पाण्यानं व्यापला आहे. आणि तरीही तिथे मिलिलिटरमागे लाखो पेशी जगतात, वाढतात, दुभागतात. हे त्यांना कसं जमतं, हाच आजचा विषय.

उत्क्रांती म्हणजे भर पडत जाणं, अशी आपली एक सोयीची समजूत असते. साध्यापासून गुंतागुंतीकडे, थोड्या जनुकांपासून जास्त जनुकांकडे. शाळेच्या तक्त्यांनी ही समजूत पक्की केली, आणि तक्त्याच्या वरच्या टोकाला माणूस बसवलेला असल्यामुळे ती आपल्याला आवडलीही. समुद्रातल्या सर्वांत यशस्वी जीवांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी जनुकं टाकली. इतकी टाकली, की उरलेल्या जनुकांवर एकट्यानं जगणंही त्यांना अवघड झालं. तरी आज समुद्रात सर्वाधिक संख्या त्यांचीच आहे. हे यश मानायचं की परावलंबन?

उत्तराकडे जाण्याआधी हे जीव सापडले कसे ते पाहिलं पाहिजे, कारण ते फार उशिरा सापडले. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांच्या काळापासून जीवाणू शोधण्याची रीत ठरलेली होती. मांसाचा अर्क, पेप्टोन, आगार असं पौष्टिक खाद्य काचेच्या बशीत घालायचं, त्यावर नमुना पसरायचा, उगवलेले ठिपके मोजायचे. रोगजंतूंसाठी ही रीत उत्तम. समुद्राच्या पाण्याला ती लावली, की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या हजार पेशींपैकी बशीत जेमतेम एखादी उगवे. उरलेल्या मेलेल्या असतील असं बराच काळ मानलं गेलं. मेजवानी मांडूनही पाहुणा जेवत नाही, म्हणून त्याला मृत ठरवण्याचाच हा प्रकार!

पहिला धक्का १९८० च्या दशकाच्या मध्यावर बसला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सॅली चिझम (सगळे त्यांना ‘पेनी’ म्हणतात) आणि वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेचे रॉब ओल्सन यांनी फ्लो सायटोमीटर हे यंत्र जहाजावर नेलं. रुग्णालयांतल्या प्रयोगशाळांत रक्तपेशी तपासायला वापरतात ते हे यंत्र. लेझरच्या झोतासमोरून एकेक पेशी नेऊन तिची चमक मोजायची, इतकंच त्याचं काम. पडद्यावर अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक ठिपक्यांचा एक पुंजका दिसत होता. यंत्राचा गोंगाट असेल, असं आधी वाटलं. पण जसजसं खोल पाणी तपासावं तसतशी त्या ठिपक्यांची लाल चमक वाढत होती. यंत्राच्या गोंगाटाला समुद्राची खोली कशी कळणार? तो गोंगाट जिवंत होता. १९८८ मध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये छापून आला आणि पुढे त्या जीवाला प्रोक्लोरोकॉकस हे नाव मिळालं.

अर्ध्या ते पाऊण मायक्रॉनचा हा जीव. दीडएक हजार पेशी एका रांगेत ठेवाव्यात तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. प्रकाशसंश्लेषण करणारा याहून लहान जीव माहीत नाही. आणि संख्या? उत्तर व दक्षिण गोलार्धांत साधारण ४० अंशांपर्यंतच्या उबदार समुद्रांत मिळून सुमारे तीनवर सत्तावीस शून्यं इतक्या पेशी. वर्षाला सुमारे ४ अब्ज टन कार्बन हे बारके जीव हवेतून आणि पाण्यातून उचलून स्वतःच्या शरीरात बांधतात. वनस्पतिशास्त्राची जाडजूड पुस्तकं लिहून झाली, जंगलांच्या याद्या झाल्या, आणि पृथ्वीवरचा संख्येनं सर्वांत मोठा हिरवा जीव विसाव्या शतकाची शेवटची पंधरा वर्षं उरली असताना सापडला.

दुसरा धक्का दोन वर्षांनी. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्य विद्यापीठाचे स्टीफन जियोव्हानोनी यांनी बशीत काही उगवण्याची वाटच पाहिली नाही. सरगॅसो समुद्राच्या पाण्यातून त्यांनी थेट जनुकं काढली आणि वाचली. त्यांत एक घराणं कोणत्याही ज्ञात जीवाणूशी जुळेना. नमुन्याच्या क्रमांकावरून त्याचं नाव पडलं सार-११. पुढे जिथे जिथे पाणी तपासलं तिथे तिथे ते निघालं. समुद्राच्या वरच्या थरातल्या दर तीन-चार पेशींमागे एक पेशी याच घराण्याची. बारा वर्षं हा जीव केवळ एक जनुकक्रम म्हणून कागदावर राहिला.

२००२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला गेला, तो मेजवानी रद्द करून. ऑरेगनच्या किनाऱ्याजवळचं पाणी गाळून, निर्जंतुक करून तेच खाद्य म्हणून वापरलं. नमुना इतका पातळ केला, की प्रत्येक खळग्यात मोजक्याच पेशी पडाव्यात. म्हणजे अधाशी शेजाऱ्यांशी स्पर्धाच उरणार नाही. मग वाट पाहिली. बशीत ठिपका नाही, पाण्यात गढूळपणा नाही, डोळ्यांना काहीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशी वाढलेल्या. त्या जीवाला पेलॅजिबॅक्टर युबिक असं नाव मिळालं. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुभागतो. पेलॅजिबॅक्टरला दीड-दोन दिवस लागतात, आणि खाद्य वाढवलं तरी तो घाई करत नाही.

आता जीनोमकडे वळू.

ई. कोलायचा जीनोम डीएनएच्या सुमारे ४६ लाख अक्षरांचा, त्यात ४,३०० च्या आसपास जनुकं. पेलॅजिबॅक्टरचा जीनोम २००५ मध्ये वाचून झाला: १३,०८,७५९ अक्षरं आणि १,३५४ जनुकं. दुसऱ्या कुठल्या पेशीत न राहता मोकळ्या पाण्यात जगणाऱ्या जीवांत हा तेव्हा माहीत असलेला सर्वांत छोटा जीनोम होता. पण आकडा लहान असणं ही यातली खरी गंमत नाही. दोन जनुकांमधलं अंतर पाहा: मध्यक काढला तर तीन अक्षरं! माणसाच्या तीन अब्ज अक्षरांपैकी प्रथिनं घडवणारी जेमतेम दीड टक्का असतात, बाकी ठिकाणी जुने अवशेष, पुनरुक्ती, उड्या मारणारे तुकडे. पेलॅजिबॅक्टरमध्ये मोडक्या जनुकांचे अवशेष सापडत नाहीत, उड्या मारणारे तुकडे नाहीत, एकाच जनुकाच्या ताज्या जादा प्रती नाहीत. काटकसरीचं इतकं टोक गाठलेला जीव निसर्गात विरळा.

ही काटकसर कशासाठी? डीएनएच्या प्रत्येक जोडीत फॉस्फरसचे दोन अणू लागतात. जिथे फॉस्फेटच्या कणाकणासाठी मारामारी आहे तिथे जीनोमचं प्रत्येक अक्षर महाग पडतं. नायट्रोजनचा हिशेब तर आणखी बारीक. डीएनएच्या चार अक्षरांत ग आणि स यांच्या जोडीला नायट्रोजनचे आठ अणू लागतात, अ आणि ट यांच्या जोडीला सात. फरक एका अणूचा. पेलॅजिबॅक्टरच्या जीनोममध्ये महागड्या जोडीचं प्रमाण ३० टक्क्यांच्याही किंचित खाली आहे. प्रोक्लोरोकॉकसच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या एमईडी-४ या वाणात ते ३१ टक्क्यांजवळ. प्रोक्लोरोकॉकसनं तर पेशीभोवतीच्या आवरणातही फॉस्फरस वाचवला आहे. इतरत्र जिथे फॉस्फरसयुक्त मेद असतात तिथे तो बऱ्याच अंशी गंधकयुक्त मेद वापरतो. समुद्राच्या पाण्यात गंधक सल्फेटच्या रूपानं भरपूर आहे, म्हणून तो स्वस्त.

इथे एक शंका यायला हवी. फुलांवरच्या मावा किडीच्या पोटात राहणाऱ्या बुकनेरा या जीवाणूचा जीनोमही लहानच असतो, साडेसहा लाख अक्षरांच्या आतबाहेर. मग समुद्रातल्या या मोकळ्या जीवांचं विशेष काय? फरक कारणांत आहे. बुकनेराची वस्ती किडीच्या पेशीत कोंडलेली, आईकडून पिल्लाकडे जाताना मूठभर पेशी पुढे जातात. त्यामुळे जनुकं योगायोगानं गळतात, कधी कामाचीही. समुद्रातल्या जीवांची संख्या अफाट असते, आणि अफाट संख्येत निवडीची चाळणी अतिशय बारीक चालते. एका अणूचा फायदासुद्धा कोट्यवधी पिढ्यांत मोजला जातो. निदान बहुतेक संशोधक असं मानतात. सगळे मानत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जवळपास गोठली, तेव्हा प्रोक्लोरोकॉकसच्या पूर्वजांची संख्या कोसळली आणि त्या काळात बरीच जनुकं नुसत्या योगायोगानं गेली, असा युक्तिवाद अलीकडच्या वर्षांत पुढे आला आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात खऱ्या असू शकतात. वाद चालू आहे, आणि तो चालू राहणंच चांगलं.

पण टाकताना या जीवांनी काय काय टाकलं ते ऐकल्यावर कुणीही चमकेल. आत्ताच म्हटलं, समुद्रात सल्फेट भरपूर आहे. बहुतेक समुद्री जीवाणू ते उचलून आपल्याला हवं तसं गंधक बनवून घेतात. पेलॅजिबॅक्टरनं ते करणारी जनुकंच टाकली. सल्फेटच्या सागरात पोहत असूनही त्याला गंधक आयतं, दुसऱ्या जीवांनी तयार केलेल्या रेणूंच्या रूपात लागतं. शैवालं एक गंधकयुक्त पदार्थ पाण्यात सोडतात, त्यावर तो भागवतो. ग्लायसिन हे साधं अमिनो आम्लसुद्धा त्याला पुरेसं बनवता येत नाही. ब-१ जीवनसत्त्वाचा एक घटकही बाहेरूनच हवा. प्रोक्लोरोकॉकसनं त्याहून धोक्याची वस्तू टाकली: कॅटालेझ हे विकर. सूर्यप्रकाशात समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. जखम धुताना जे फेसाळतं तेच. पेशींना ते विषासारखं. त्याचं विघटन करणारं कॅटालेझ प्रोक्लोरोकॉकसकडे नाही. दिवसभर उन्हात काम करणाऱ्या जीवानं नेमकं हेच टाकावं?

२०१२ मध्ये जेफ्री मॉरिस, रिचर्ड लेन्स्की आणि एरिक झिन्सर यांनी याचं उत्तर पत्त्यांच्या खेळातून मांडलं. ‘हार्ट्स’ नावाच्या खेळात इस्पिकची राणी ज्याच्या वाट्याला येते त्याचं नुकसान होतं, म्हणून प्रत्येक जण ती टाळतो. त्यावरून या कल्पनेला ‘ब्लॅक क्वीन’ हे नाव पडलं. आपल्याकडे गुलामचोर खेळलेल्यांना वेगळं समजावून द्यायला नको. गुलाम कुणालाच नको असतो, पण तो कुणाच्या तरी हातात राहतोच. पेरॉक्साइड नष्ट करण्याचं काम खर्चाचं आहे, पण त्याचा फायदा आसपासच्या साऱ्या पाण्याला मिळतो. मग प्रत्येकानं ते का करावं? शेजारी करतो आहे तोवर आपण ते जनुक टाकलं तर चालतं. अल्टेरोमोनास वगैरे जीवाणूंकडे ते काम राहिलं. प्रयोगशाळेत ते सोबत असले की प्रोक्लोरोकॉकस जोमानं वाढतो. त्याला एकटा ठेवला आणि पाण्यात थोडं पेरॉक्साइड असलं की तो मरतो.

श्रोतेहो, इथे आपल्या मनातलं जीवाचं चित्र बदलावं लागतं. आपण एक पेशी, एक जीनोम, एक जीव असा हिशेब करतो. समुद्रात हा हिशेब जुळत नाही. प्रोक्लोरोकॉकसच्या एका पेशीत साधारण दोन हजार जनुकं. त्यांतली हजारएक सगळ्या वाणांत सारखी. उरलेली वाणागणिक वेगळी. सगळ्या वाणांची सगळी जनुकं एकत्र केली तर ती ८० हजारांहून अधिक भरावीत असा अंदाज आहे. माणसाची २० हजारांच्या आसपास आहेत! २००३ मध्ये दोन वाणांचे जीनोम शेजारी ठेवले गेले: भूमध्य समुद्रातल्या वरच्या पाण्यातला एमईडी-४ आणि गल्फ स्ट्रीममध्ये १३५ मीटर खोल सापडलेला एमआयटी-९३१३. पहिल्याचा जीनोम साडेसोळा लाख अक्षरांचा, दुसऱ्याचा २४ लाखांचा. सामाईक जनुकं १,३५०. खाली अंधूक प्रकाशात राहणाऱ्याकडे जास्त साधनं, वर उन्हात राहणाऱ्याकडे कमी. नाव एकच, संसार दोन.

२०१४ मध्ये चिझम यांच्या गटानं बर्म्युडाजवळच्या पाण्यातल्या एकेका पेशीचा जीनोम स्वतंत्रपणे वाचला, तेव्हा आणखी एक थर उलगडला. त्या पाण्यात प्रोक्लोरोकॉकसच्या शेकडो उपवस्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या होत्या. ऋतू बदलला की कुणाची संख्या वाढते, कुणाची घटते. नाहीसं कुणीच होत नाही. अटलांटिकच्या फॉस्फेट-दुष्काळी पाण्यातल्या वाणांकडे फॉस्फरस ओरबाडणाऱ्या जनुकांचा जादा संच असतो, पॅसिफिकमधल्या हवाईजवळच्या वाणांकडे तो कमी आढळतो. म्हणजे पाण्याची रासायनिक तपासणी न करताही, नुसती जनुकं वाचून तिथे कशाचा दुष्काळ आहे ते बरंचसं सांगता येतं.

आता प्रश्न असा, की ही जनुकं येतात कुठून? टाकण्याची कथा झाली. घेण्याची बाकी आहे.

घेण्यातले सर्वांत मोठे मध्यस्थ म्हणजे विषाणू. जीवाणूंवर जगणारे विषाणू, ज्यांना फाज म्हणतात. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या निकोलस मान यांच्या गटाला एका समुद्री फाजच्या जीनोममध्ये चक्क प्रकाशसंश्लेषणाचं जनुक सापडलं. विषाणूला प्रकाशसंश्लेषण कशाला हवं? तो तर पेशीही नाही. कारण फार धूर्त आहे. प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेतलं डी-१ नावाचं प्रथिन उन्हानं सतत मोडतं, पेशी ते सतत नव्यानं बनवते. फाज पेशीत शिरून तिचं कामकाज बंद पाडतो. मग ते प्रथिन बनणं थांबतं आणि ऊर्जा आटते. ऊर्जा आटली तर फाजची पिल्लावळ कशी निपजणार? म्हणून फाज त्या प्रथिनाचं जनुक स्वतःच घेऊन येतो, आणि मरणाऱ्या पेशीकडून शेवटपर्यंत उन्हाची वसुली करून घेतो. ते जनुक त्याच्या पूर्वजांनी जीवाणूंकडूनच उचललेलं. पुढे प्रोक्लोरोकॉकसच्या फाजांतही ते सापडलं. जनुकं अशी पेशीतून विषाणूत, विषाणूतून पेशीत फिरत राहतात, आणि फिरताना बदलतात.

ही देवघेव समुद्रापुरती राहत नाही. जपानमध्ये नोरी नावाचं लाल शैवाल भातासोबत खातात. आपल्याकडेही आता सुशीच्या दुकानांत मिळतं. त्या शैवालातली एक साखर पचवायला माणसाकडे विकरं नाहीत. २०१० मध्ये फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या संशोधकांनी एका समुद्री जीवाणूत ती साखर तोडणारं विकर शोधलं आणि त्याचं जनुक इतर कुणाकडे आहे का ते पाहिलं. ते निघालं जपानी माणसांच्या आतड्यातल्या जीवाणूंत. उत्तर अमेरिकेतल्या लोकांच्या नमुन्यांत नाही. शिजवून न घेतलेल्या शैवालासोबत समुद्री जीवाणू पोटात गेले असणार आणि तिथल्या रहिवाशांनी त्यांचं जनुक उचललं असणार. माणसाचा आहार आतड्यातल्या जीवाणूंचा जीनोम बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं शोधावं लागेल.

आणि पटकी. कॉलरा म्हटला की आपल्याला यात्रा, दूषित विहिरी, पंढरपूरच्या वाळवंटातल्या जुन्या साथी आठवतात. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात या रोगाच्या लसीचं काम केलं, मुंबईच्या प्लेगकडे ते नंतर वळले. पण व्हिब्रिओ कॉलरी हा जीवाणू मुळात खाडीचा आणि समुद्राचा रहिवासी. कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी प्राण्यांच्या अंगावर तो चिकटून राहतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल हे अनेक वर्षं सांगत होत्या. आरंभी त्यांच्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही.

या जीवाणूचा जीनोम २००० साली वाचून झाला. ४० लाख अक्षरं, आणि तीही एका नव्हे, दोन गुणसूत्रांत वाटलेली. प्रोक्लोरोकॉकसच्या अगदी विरुद्ध प्रवृत्तीचा हा जीव: साठवणारा. दुसऱ्या गुणसूत्रावर तर बाहेरून आलेली जनुकं ओळीनं रचून ठेवण्याची एक मोठी जागाच आहे. आणि तो जनुकं केव्हा उचलतो? २००५ मध्ये दिसून आलं, की खेकड्या-कोळंबीच्या कवचातलं कायटिन भेटलं की त्याची आसपासचा मोकळा डीएनए गिळण्याची यंत्रणा सुरू होते. कवचावर दाटीनं जीवाणू असतात, मेलेल्यांचा डीएनए तिथेच पडलेला असतो, म्हणजे बाजार भरलेला असतो. खुल्या निळ्या पाण्यात असा बाजार भरत नाही. म्हणून एकाला साठवणं परवडतं, दुसऱ्याला टाकणं.

पण माणसाला मारणारं विष? कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं, की पटकीचा जुलाब या जीवाणूच्या विषामुळे होतो. १९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी पुढची पायरी दाखवली. त्या विषाची जनुकं मुळात जीवाणूची नव्हेतच, ती त्याच्यात घुसलेल्या एका फाजची आहेत. हा फाज नसलेले व्हिब्रिओ कॉलरी समुद्रात कितीतरी आहेत, आणि ते पटकीची साथ पसरवत नाहीत. साम्राज्याची फौज, बंदरं आणि शहरं हादरवणारा रोग एका विषाणूच्या सामानातून आला होता. कोलवेल यांच्या गटानं बांगलादेशात याचा साधासा व्यावहारिक उपयोग करून दाखवला. जुनी सुती साडी चार घड्या करून तिच्यातून पाणी गाळलं की कोपेपॉड अडकतात आणि त्यांच्यासोबत जीवाणूही. २००३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की असं पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. समुद्री जीवाणूंच्या राहणीचा अभ्यास करून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरे.

तर मग छोटा जीनोम म्हणजेच समुद्रात यश, असा नियम करता येईल का? नाही. अरबी समुद्रात फेब्रुवारी ते मे या वाऱ्याविना शांत दिवसांत पाण्यावर लाकडाच्या भुशासारखी तवंगाची झाक येते. तो ट्रायकोडेस्मियम. हवेतला नायट्रोजन पकडणारा नीलहरित जीवाणू. त्याचा जीनोम जवळपास साडेसत्याहत्तर लाख अक्षरांचा, आणि त्यातली ४० टक्क्यांच्या आसपास अक्षरं प्रथिनं घडवत नाहीत. त्याच भुकेल्या पाण्यात इतका पसारा! तो का टिकला याचं सर्वमान्य उत्तर नाही. दुसऱ्या टोकाला यूसीवायएन-ए हा नायट्रोजन पकडणारा जीव. त्यानं जनुकं टाकता टाकता एका शैवालाच्या पेशीत कायमचा मुक्काम केला. २०२४ मध्ये ‘सायन्स’मधल्या संशोधनानं तो आता जीवाणू राहिलेला नाही, त्या पेशीचा अवयव बनला आहे, असं दाखवलं. परावलंबनाची वाट कुठवर जाऊ शकते ते इथे दिसतं.

शेवटचा मुद्दा आपल्या दाराशी येतो. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीनं बंद आहे. मोसमी वारे खालचं पोषक पाणी वर आणतात, वर भरपूर वाढ होते, ती मरून खाली जाते आणि कुजताना प्राणवायू संपवते. त्यामुळे सुमारे १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत प्राणवायू जवळपास नसलेला एक जाड थर तयार झाला आहे. जगात खुल्या समुद्रातले असे मोठे थर तीन, बाकीचे दोन पूर्व पॅसिफिकमध्ये. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोनापावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं या थराचा दीर्घ अभ्यास केला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तसंच पाणी पश्चिम किनाऱ्यावरच्या उथळ भागातही चढतं. त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात निघतं, हे संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. हा वायू उष्णता रोखण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे.

या श्वास कोंडलेल्या थरात कोण राहतं? प्रोक्लोरोकॉकस! थराच्या वरच्या काठावर, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे त्याची एक वेगळीच वस्ती अरबी समुद्रात आणि पूर्व पॅसिफिकमध्ये सापडली. ती जो प्राणवायू सोडते तो शेजारी जीवाणू जागच्या जागी वापरून टाकतात, म्हणून यंत्रात तो दिसत नाही. २०२१ मध्ये अशा वस्तीचे जीनोम वाचले गेले, तेव्हा तिच्याकडे प्रकाश पकडण्याची जुनी रचना आढळली, जी बाकीच्या प्रोक्लोरोकॉकसनी टाकून दिली आहे. या सगळ्या घराण्याचा जन्मच कमी प्राणवायूच्या समुद्रात झाला असावा, असा संशय त्यातून येतो. आणि ज्याला काटकसरीचा शिरोमणी म्हटलं त्या सार-११ चं काय? पूर्व पॅसिफिकमधल्या अशाच थरात त्याच्या वाणांनी नायट्रेटवर श्वास घेण्याची जनुकं मिळवलेली आढळली, २०१६ मध्ये. एकेक अणू वाचवणारा जीवसुद्धा गरज पडली की खर्च करतो.

या व्याख्यात्याचं मत स्पष्ट आहे. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी इथल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही समुद्राचं पाणी मांसाच्या अर्कावर पसरवून जीवाणू मोजले जातात. त्यातून सांडपाण्याची तपासणी होते, ती हवीच. पण अरबी समुद्राचे खरे रहिवासी त्या बशीत कधी भेटणार नाहीत. या दालनात जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक बसले आहेत. त्यांना एकच विनंती: किनाऱ्यापासून दूरचं पाणी आणा, ते गाळा, निर्जंतुक करा, त्याच पाण्यात मोजक्या पेशी सोडा आणि काही आठवडे हात लावू नका. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.